जुनं घर नव्याने करताना: पहिल्या मोजमापापासून पहिल्या पावसापर्यंत

आमचं ऑफिस छोटं आहे. दोघं वास्तुकार, एक ड्राफ्ट्समन आणि साइटवर जाणारा एक तरुण सहकारी. कामं जवळजवळ सगळी घरांची, त्यातही निम्म्याहून जास्त जुन्या घरांच्या नूतनीकरणाची. येणारी माणसं फोनमध्ये फोटो घेऊन येतात. असं स्वयंपाकघर हवं, अशी मोठी खिडकी हवी. त्यात गैर काहीच नाही. पण जुन्या घराच्या बाबतीत ‘काय हवं’ याच्या आधी ‘काय आहे’ हा प्रश्न येतो. मोकळ्या जमिनीवर बांधताना आपण ठरवू ते होतं. जुन्या घरात मात्र प्रत्येक भिंतीत, प्रत्येक लादीखाली कुणीतरी आधी काहीतरी ठरवून ठेवलेलं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. मी पाहिलेली बिघडलेली कामं बहुतेक वेळा डिझाइन वाईट होतं म्हणून बिघडली नव्हती, हातोडा लवकर पडला म्हणून बिघडली होती. म्हणून या लेखात हातोडा पडण्याआधीच्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

वास्तुकाराकडे जाण्याआधी: एक आठवडा, एक वही

पहिल्या भेटीआधी सात दिवस एक वही जवळ ठेवा आणि घरात रोज काय घडतं ते लिहा. सकाळी बाथरूमसमोर कोण ताटकळतं, कपडे कुठे वाळतात, चपला कुठे साचतात, दुपारी कोणत्या खोलीत दिवा लावावा लागतो, रात्री कुणाच्या खोलीतला आवाज कुणाला त्रास देतो. ‘प्रशस्त हॉल हवा’ या वाक्यातून आम्हाला फारसं काही कळत नाही. ‘पाहुणे आले की मुलांना अभ्यासाला जागा उरत नाही’ या वाक्यावरून आराखडा काढता येतो.

१९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, ते नेमकं याच पद्धतीने: कामाचा क्रम, चालावी लागणारी पावलं आणि लागणारा वेळ आधी मोजून. सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटर एवढ्या जागेत बसणारी ती रचना जवळपास १० हजार घरांमध्ये बसवली गेली. आजही छोटं स्वयंपाकघर आखताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की फ्रीजमधून काढलेली वस्तू धुवायला, चिरायला आणि शिजवायला कोणत्या वाटेने जाते.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन याद्या करा: झालंच पाहिजे, झालं तर बरं, आणि हात लावायचा नाही. तिसरी यादी लोक विसरतात. एका घरात आम्ही आराखड्यात एक जुनी खिडकी बुजवली होती. चर्चेच्या तिसऱ्या फेरीत घरातल्या आजी म्हणाल्या, ‘मी रोज सकाळी तिथेच बसते.’ आराखडा पुन्हा काढावा लागला. हे पहिल्याच भेटीत समजलं असतं तर त्यांनाही तेवढे दिवस मनात धाकधूक ठेवावी लागली नसती.

वास्तुकार निवडताना काय विचारावं

छोट्या ऑफिसचा मोठा फायदा म्हणजे ज्याच्याशी बोलता तोच रेखाटतो आणि तोच साइटवर येतो. ते खरंच तसं होणार आहे का, हे स्पष्ट विचारा. आठवड्यातून किती वेळा साइटवर कोण येईल? एका वेळी किती कामं चालू आहेत? मोठ्या ऑफिसात एक माणूस आजारी पडला तर दुसरा उभा राहतो, आमच्याकडे तसं नेहमी जमत नाही. म्हणून वेळापत्रकाबद्दल आधीच खरं बोललेलं बरं.

पूर्ण झालेलं एखादं घर बघायला मागा, शक्य असेल तर तीन-चार वर्षांपूर्वीचं. नवं घर कोणाचंही चांगलं दिसतं. चार पावसाळे झेललेल्या घरातले सांधे, बाथरूमचे कोपरे आणि खिडक्यांच्या खालच्या कडा बघितल्या की काम कसं होतं ते कळतं.

फी टक्केवारीत, ठोक रकमेत किंवा तासांवर ठरते. नूतनीकरणाला मला टप्प्यांत विभागलेली ठोक रक्कम योग्य वाटते. पहिला टप्पा फक्त मोजमाप आणि तपासणीचा असावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. तो टप्पा संपल्यावर घराबद्दल जे कळेल त्यावरून पुढे जायचं की नाही हे दोघांनाही मोकळेपणाने ठरवता येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर लागणार असेल तर त्याची फी यात धरली आहे की नाही, परवानग्यांचं काम कोण करणार, हेही लेखी घ्या.

मोजमाप: कर्णाशिवाय खोली मोजली असं म्हणू नये

जुन्या घराचा नकाशा मिळाला तरी त्यावर विसंबू नका. कागदावरचं घर आणि बांधलेलं घर क्वचितच जुळतं, आणि मधल्या वर्षांत झालेले बदल त्यावर नसतातच.

खोलीच्या चारही बाजू मोजून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ३ बाय ४ मीटरच्या काटकोनी खोलीचा कर्ण बरोबर ५ मीटर यायला हवा. दोन कर्णांत फरक आला की खोली तिरकी आहे. सुरुवातीच्या काळात एका कामात मी कर्ण न मोजता भिंतीत बसणारं कपाट काढलं. कपाट सुताराने अचूक केलं होतं, खोली ४ सेंटीमीटरने तिरकी होती. कपाट परत गेलं, आणि त्या दिवसापासून आमच्या मोजणीच्या वहीत कर्णासाठी वेगळा रकाना आहे.

मग उंच्या. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत मोजा. लेसर लेव्हल नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळी तेच काम तितक्याच विश्वासाने करते. भिंतींची जाडी दारांच्या आणि खिडक्यांच्या जागी मोजा, कारण एकाच घरात ती बदलते, आणि कोणती भिंत भार घेते याचा पहिला अंदाज तिथून येतो. शेवटी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते शोधा. सांडपाण्याच्या प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून तळाची पातळी लिहून ठेवा. हा एक आकडा पुढे सगळा आराखडा ठरवू शकतो. कसा ते पुढे येईलच.

घर वाचणं: ओल आणि तडे

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि वेळ वाचवण्यासाठी सगळ्यात आधी हाच कापला जातो.

ओलीपासून सुरू करू. भिंतीवर डाग दिसला की लोक वॉटरप्रूफिंगचा डबा आणतात. आधी ओल कुठून येते ते ठरवा. जमिनीतून वर चढणारी ओल साधारण जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत एका आडव्या पट्ट्यात दिसते आणि तिच्या वरच्या कडेला लोणा लागतो, पांढरी पूड हाताला येते. वरून झिरपणारी ओल ठिपक्यासारखी पसरते आणि पावसानंतर वाढते. पाइपची गळती पावसाकडे बघत नाही, बारा महिने तशीच राहते. चौथा प्रकार म्हणजे खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जमणं. असे डाग कोपऱ्यांत, कपाटांच्या मागे आणि बुरशीसह येतात.

शेवटच्या प्रकाराची एक सोपी चाचणी आहे. ओल्या भागावर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे आणि उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय.

जुन्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींबद्दल विशेष काळजी घ्या. त्या पाणी शोषतात आणि हवेत सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग चढवला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते वर चढतं नाहीतर दुसऱ्या बाजूने फुटतं. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा, हे मी ठामपणे सांगते. वेळ जास्त लागतो, कारागीर शोधावे लागतात, तरीही.

आता तडे. गिलाव्यावरची केसासारखी जाळी बहुतेक वेळा गिलावा वाळतानाची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, पायरीपायरीने विटांच्या सांध्यातून जाणारा तडा पाया हलल्याची खूण असू शकतो. स्लॅबच्या लगेच खाली भिंतीच्या माथ्यावर आडवा तडा असेल तर अनेकदा छत उन्हाने प्रसरण पावतंय. तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीला समांतर जाणारा, तांबूस डाग असलेला तडा सगळ्यात गंभीर समजा. आतलं लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरून गिलावा करून तो तडा झाकणं म्हणजे आजार झाकणं.

तडा जिवंत आहे की थांबलेला, हे एका नजरेत सांगता येत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते. यासाठी काही महिने, शक्य तर कोरडा आणि ओला असे दोन्ही ऋतू जाऊ द्यावे लागतात. तेवढ्या काळात आराखड्याचं काम चालू राहू शकतं, म्हणून काच पहिल्याच भेटीत लावून टाकावी.

काँक्रीटच्या घरात इंजिनिअर हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो, रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा बघतो आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन टाकतो. गुलाबी रंग आला तर काँक्रीटमधली अल्कली अजून शाबूत आहे आणि ती लोखंडाचं रक्षण करतेय. रंग आलाच नाही तर तिथपर्यंत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती अल्कली संपवलीय. रंग आलेल्या आणि न आलेल्या भागांमधली रेषा सळईपर्यंत पोहोचली आहे का, हे कळलं की दुरुस्ती किती खोल करायची ते ठरतं.

जुनी सिमेंटची पत्र्यासारखी छपरं आणि पाइपांवरची आवरणं यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय ती फोडू नका आणि जुना रंग कोरडा घासू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

आराखडा: आधी जे हलत नाही ते

कोऱ्या कागदावर पहिल्यांदा तीन गोष्टी उमटवायच्या: भार घेणाऱ्या भिंती आणि खांब, जिना, आणि सांडपाण्याच्या उभ्या नळ्या. बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

शौचालय हलवायचा हट्ट बऱ्याच घरांत असतो. हिशोब करून बघा. १०० मिलिमीटरच्या नळीला १:४० चा उतार द्यायचा तर ३ मीटर अंतरात ती ७५ मिलिमीटर खाली जायला हवी. नळीची स्वतःची जाडी धरली तर जमिनीखाली सुमारे १८५ मिलिमीटर जागा लागते. ती नसेल तर लादी तेवढी उंच होईल आणि दारात पायरी येईल, जी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज ओलांडावी लागेल. चेंबरच्या तळाची पातळी लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

वजनाचंही तसंच. अर्ध्या विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ३ मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला साधारण ८०० किलो भरते. वरच्या मजल्यावर ‘फक्त एक पार्टिशन’ म्हणताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि हलक्या बोर्डाच्या भिंतीचा विचार करा. जुन्या लादीवरच नवी लादी घातली तर ५ सेंटीमीटर जाडीला दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढतात. घरगुती स्लॅब माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या हिशोबाने आखलेला असतो. म्हणजे निम्मी ताकद लादीतच गेली.

जिना नवा करत असाल तर १७व्या शतकात फ्रान्स्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुकाराने माणसाच्या पावलावरून मांडलेला नियम आजही चालतो: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाय ठेवायच्या जागेची रुंदी यांची बेरीज ६०० ते ६४० मिलिमीटरच्या आसपास. १७० उंची आणि २८० रुंदी घेतली की ६२० येतात, आणि पाय आपोआप पडतो. सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात, शेवटची सुद्धा. लादी बदलल्यावर पहिली आणि शेवटची पायरी बिघडते, तिथेच माणसं पडतात.

ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभं करा, कोपर वाकवायला सांगा आणि कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली ओटा धरा. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये १.२ मीटर तरी मोकळं ठेवा. निदान एका शौचालयाला ९०० मिलिमीटरची मोकळी दारजागा आणि आत व्हीलचेअर वळेल एवढं १.५ मीटरचं वर्तुळ मिळतंय का ते बघा. आज गरज नसली तरी आता भिंत आखताना हे फुकट मिळतं.

भिंती पाडण्याआधी उजेडाचा विचार करा. अंधाऱ्या खोलीला नेहमी मोठी खिडकीच लागते असं नाही. आहे त्याच खिडकीचा माथा छताकडे उचलला तर उजेड खोलीत जास्त आतवर पोहोचतो. कितीतरी वेळा आम्ही फक्त दारांवर झरोके देऊन आणि मधलं एक कपाट हलवून घर उजळलं आहे.

कागद पक्का करणं आणि पैसे

रेखाटनं या प्रमाणांत हवीत: १:५० ला मजले, १:२० ला स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या चारही भिंती, १:५ ला सांधे. बाथरूमच्या भिंतीच्या रेखाटनावर प्रत्येक नळ, टाइल कुठून सुरू होते आणि कापलेला तुकडा कुठे जातो, हे सगळं दिसायला हवं. विजेचे पॉइंट ठरवताना फर्निचर रेखाटलेलं असावं, नाहीतर स्विच पलंगामागे जातात.

यावरून परिमाणयादी बनते: प्रत्येक काम, त्याचं एकक, त्याचं प्रमाण, त्याचा दर्जा. तीन कंत्राटदारांना एकच यादी द्या. प्रत्येकाने आपापल्या यादीवर दर दिले तर तुलना करता येत नाही. सगळ्यात कमी दर बघून खूश होण्याआधी त्याने काय गाळलंय ते बघा. राडारोडा हलवणं, टेकू, झाकपाक आणि तात्पुरतं पाणी-वीज बहुतेक वेळा गाळलेलं असतं.

जुन्या घरात एकूण खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवा आणि ती लाकडी फ्लोअरिंगवर खर्च करायचा मोह टाळा. पैसे कमी पडत असतील तर नळ आणि दिवे नंतर बदलता येतात. वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि पाइप नंतर बदलता येत नाहीत.

तोडफोड आणि बंद होणारी कामं

तोडण्याआधी वीज, पाणी, गॅस तोडून चाचणी करा. काम वरून खाली चालावं. भार घेणाऱ्या भिंतीत नवं दार काढायचं असेल तर आधी आडव्या तुळया आरपार घालून धिरे (टेकू) द्यायचे, मग लिंटेल, म्हणजे दारावरची भार पेलणारी आडवी तुळई, मग खालचा भाग पाडायचा. लिंटेल दोन्ही बाजूंना निदान १५० मिलिमीटर भिंतीवर टेकलेलं असावं. हा क्रम कंत्राटदाराला ‘आम्ही नेहमी करतो’ म्हणून उलटवू देऊ नका. त्या दिवशी इंजिनिअर साइटवर हवाच.

वायरिंगसाठी भिंतीत झिरी (खाच) मारताना उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नसावी. भार घेणाऱ्या भिंतीत लांब आडवी झिरी मी मारूच देत नाही.

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवर संपू नये, भिंतीवर निदान १५० मिलिमीटर वर चढावा, शॉवरच्या भागात माणसाच्या डोक्यापर्यंत. जमिनीला जाळीकडे १:८० ते १:१०० उतार. मग जाळी बंद करून पाणी भरा आणि किमान २४ तास तसंच ठेवा. पातळीवर खूण करा आणि खालच्या मजल्याचं छत बघा. टाइल लावणारा वाट बघत उभा असतो, घरमालकालाही घाई असते. पण ही चाचणी झाल्याशिवाय एकही टाइल लागू नये. पाइपांचंही तसंच: दाब देऊन काही तास ठेवायचा आणि काटा उतरला नाही तरच झिरी बुजवायची.

भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा, कोपऱ्यापासून अंतर दिसेल असा. एका दुपारचं काम आहे.

बदल, वाळवण आणि ताबा

काम चालू असताना मन बदलणारच. आमचा नियम असा की तोंडी बदल साइटवर घ्यायचा नाही. आठवड्याच्या ठरलेल्या बैठकीत तो लिहायचा, त्याची किंमत आणि त्याने वाढणारे दिवस मांडायचे, घरमालकाने सही केली की करायचा. गवंड्याला घरातले तीन जण तीन गोष्टी सांगत असतील तर त्याचा दोष नाही. घरातून एकच व्यक्ती बोलेल हे पहिल्या दिवशी ठरवा.

वाळायला वेळ द्या. सिमेंटचा थर पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाळतो, म्हणजे ४० मिलिमीटरच्या थरावर लाकडी फ्लोअरिंग घालायला सहा आठवडे थांबावं लागतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने मोजतात, तोवर पाणी मारण्यात हयगय नको. रंगाची घाई केली तर सहा महिन्यांनी पापुद्रे निघतात आणि सगळे रंगाला नावं ठेवतात.

ताबा घेताना संध्याकाळी नव्हे, दिवसा उजेडी या. प्रत्येक दार उघडा-बंद करा, प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडा, प्रत्येक फ्लश सलग दोनदा ओढा, जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच जातंय का ते बघा. त्रुटींची यादी खोलीवार करा, तारीख घाला. शेवटच्या बिलातला काही भाग पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा, हे करारातच लिहिलेलं असावं. आम्ही त्या पावसात न बोलावता घरी जातो, गच्चीवर उभं राहून पन्हळीकडे पाणी वाहताना बघतो आणि खिडक्यांच्या खालच्या कडेवरून हात फिरवतो.

बंद भिंतींचे फोटो छापून एका वहीत लावा, सोबत पाइपांचा आणि वायरिंगचा प्रत्यक्षातला नकाशा, रंगाचे नंबर आणि उरलेल्या टाइल कुठे ठेवल्या त्याची नोंद. नकाशाची एक प्रत विजेच्या बोर्डाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तस्बीर लावायला भिंतीला भोक पाडणारा माणूस आधी तेच दार उघडेल.